पुढचे दात: डाग, टवके आणि काळपटपणा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. मोबाइलवर रोज फोटो येतात. ओठ बोटाने वर उचललेला, पुढचे चार-सहा दात, आणि खाली एकच ओळ: "मॅडम, हे नीट होईल का?" बहुतेक वेळा होतं. पण फोटोवरून उपचार ठरवता येत नाही, कारण दिसायला सारखे असलेले दोन डाग दोन वेगळ्या कारणांनी पडलेले असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याचं नुकसान करतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न सापडला, तरी दात एकदा प्रत्यक्ष दाखवा.

१. रोज दोन वेळा घासतो, तरी दात पिवळेच कामून राहतात?

दाताचा मूळ रंगच थोडा पिवळसर असतो. वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, दुधी काचेसारखं असतं आणि आतलं डेंटिन पिवळं. तो पिवळेपणा आवरणातून दिसतो. वय वाढतं तसं आवरण झिजतं, म्हणून चाळिशीनंतर दात जास्त पिवळे वाटतात. यात आजार काही नाही. उलट जोर लावून, कडक ब्रशने घासलं की आवरण पातळ होतं आणि दात आणखी पिवळा दिसायला लागतो.

डाग वरचा आहे की आतला, याचा अंदाज घरी येतो. दातावरून जीभ फिरवा. खरबरीत लागलं, डाग हिरडीजवळ किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला असला, तर ते कीटण किंवा वरचा थर असतो. तो सफाईत निघतो. दात गुळगुळीत लागतो आणि डाग लहानपणापासून त्याच जागी आहे, तर तो आतला. घासून तो जाणार नाही, कितीही महागडी पेस्ट आणली तरी.

२. आमच्या गावात बऱ्याच जणांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. हे पाण्यामुळेच का?

बहुतेक हो. याला फ्लोरोसिस म्हणतात. जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि ते पाणी लहानपणी पोटात गेलं असेल, तर जबड्यात तयार होत असलेल्या दातांचं आवरण नीट पक्कं होत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातला किनवटचा भाग यासाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो. तिकडे ग्रॅनाइटचा खडक आहे आणि फ्लोराइड खडकातूनच पाण्यात उतरतं. दुष्काळात बोअर खोल जात राहिले तसं पाणीही बदललं. खोलवरचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं.

घराघरात एक गोष्ट दिसते. दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनेचे दात स्वच्छ असतात आणि तिच्या लेकरांच्या दातांवर पट्टे येतात. ती तेच पाणी वीस वर्षं पिते, तरी तिच्या दाताला काही होत नाही, कारण तिचे दात आधीच तयार होऊन बाहेर आलेले होते. पुढच्या दातांचं आवरण जन्मापासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत घडतं. त्याच काळात दाताचं नुकसान होतं, आणि ते दिसतं सातव्या-आठव्या वर्षी, दात बाहेर आल्यावर.

फ्लोरोसिसची खूण म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं चित्र. उजव्या दातावर आडवा पट्टा असेल तर डाव्यावरही जवळपास तसाच असतो. सौम्य असेल तर खडूसारख्या पांढऱ्या रेघा, मध्यम असेल तर त्यात तपकिरी रंग, आणि जास्त असेल तर आवरणाला बारीक खड्डे. एकाच दातावर एकच डाग असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं (प्रश्न ६).

३. आता घरी आरओ बसवलाय. पोराच्या दातावरचे डाग हळूहळू जातील का? पाणी उकळून प्यायलो तर?

तयार झालेले डाग पाणी बदलून जात नाहीत. पण धाकट्या लेकराचे दात वाचतील, म्हणून आरओ काढू नका. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. कँडलचा किंवा नुसत्या यूव्हीचा फिल्टरही उपयोगाचा नाही.

आधी पाणी तपासून घ्या. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरा आणि ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ही सोय असते. एका हापशाचं पाणी खराब निघालं म्हणून गावातलं सगळंच पाणी तसं असेल असं नाही. शंभर पावलांवरचा दुसरा बोअर चांगला निघू शकतो.

यातून लोक भलताच निष्कर्ष काढतात आणि फ्लोराइडची टूथपेस्ट कायमची बंद करतात. मोठ्यांनी बंद करू नये, ती कीड रोखते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीही थुंकायला शिकवा. तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं असेल तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कोणती पेस्ट वापरायची ते दंतवैद्याला विचारा.

४. मिश्री, तंबाखू, गुटख्याचे डाग निघतात का?

निघतात. हे वरचे डाग. स्केलिंग (यंत्राने दातांची सफाई) आणि पॉलिशिंगमध्ये एका बैठकीत बराच फरक पडतो. दुसऱ्या दिवसापासून परत मिश्री सुरू झाली तर डागही परत येतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज बोटाने घासल्यामुळे वरचं आवरण झिजतं. ते मात्र परत येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये मिश्रीला व्यसन मानणाऱ्या फार कमी आहेत. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असं त्या मनापासून सांगतात. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, माय. ती हिरडीतून रक्तात जाते. म्हणूनच सकाळी लावली नाही की डोकं दुखतं.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं तपासताना रोज दिसतं की तो थांबलेला नाही. गुटखा किंवा सुपारी खाणारा माणूस डाग काढायला आला की मी आधी त्याच्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून त्याच्या तोंडात घालायला सांगते. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवा आणि ती तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

५. सफाई केली की दात ढिले होतात, फटी पडतात असं सगळे म्हणतात.

कीटण दगडासारखं कडक असतं आणि ते हिरडीखाली जाऊन हाड खातं. दात आधीच ढिला झालेला असतो, पण कीटणाने शेजारच्या दातांशी लिंपल्यासारखा धरून ठेवलेला असतो. ते काढलं की खरी परिस्थिती कळते, आणि दोष सफाईवर जातो. फटीचंही तेच. ती कीटणाने बुजलेली होती. सफाईनंतर हिरडीची सूज उतरते, रक्त येणं थांबतं आणि थोडा हलणारा दात बऱ्याचदा घट्ट होतो. पुढच्या दातांचं कोणतंही सौंदर्याचं काम हिरड्या निरोगी झाल्याशिवाय करू नये. रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी बसवलेलं कंपोझिट (दाताच्या रंगाचं सिमेंट) किंवा व्हिनियर (सिरॅमिकचा पातळ पापुद्रा) नीट चिकटत नाही. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत आणा.

६. एकच दात राखाडी-काळा पडलाय. दुखत नाही. मग काही करायची गरज आहे का?

विचारा स्वतःला: लहानपणी पडला होतात का? बैलगाडीवरून, सायकलवरून, कबड्डीत? बहुतेकांना पाच-दहा मिनिटांनी आठवतं. मार लागल्यावर आतल्या नसेत रक्त साकळतं, त्याचा रंग डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये शिरतो आणि नस हळूहळू मरते. दुखत नाही, कारण दुखायला नसच उरलेली नसते. मुळाच्या टोकाशी मात्र वर्षानुवर्षं पू साठत राहू शकतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे एक्स-रे आणि नस जिवंत आहे का याची तपासणी.

नस मेली असेल तर रूट कॅनल करावं लागतं. त्यानंतर लगेच कॅप घालायची घाई नको. दात आतून पांढरा करता येतो. रूट कॅनलच्या तोंडावर सिमेंटचा पक्का बुच बसवतात, दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेटचा ओला लगदा भरतात आणि वरून तात्पुरतं बंद करतात. आठवड्याने बघायचं, गरज असेल तर परत भरायचं. तीन-चार वेळांत बहुतेक दात शेजारच्या रंगाला येतात. तो बुच नीट नसेल तर औषध मुळाकडे झिरपतं आणि मूळ झिजू शकतं, म्हणून बुच बसवणार आहात ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो. तेव्हा हेच पुन्हा करता येतं.

अपवादही आहे. मार लागलेला दात कधी राखाडी न होता गडद पिवळा होतो. तिथे नस मेलेली नसते, तिने स्वतःभोवती डेंटिनचा थर चढवून पोकळी बुजवलेली असते. एक्स-रेमध्ये टोकाशी काही नसेल तर अशा दाताचं रूट कॅनल नुसत्या रंगासाठी करू नये.

७. लिंबू-सोडा, मीठ, कोळसा, राखुंडी यांनी दात पांढरे होतात का?

लिंबाच्या आम्लात आवरण विरघळतं. सोडा, कोळसा आणि राखुंडी ते खरवडतात. दोन-चार दिवस दात उजळ वाटतात, कारण वरचा थर गेलेला असतो. नंतर गार पाण्याने दात आंबायला लागतात. लाल दंतमंजनाचंही असंच. जोर लावून रोज घासलं तर हिरडीजवळ दाताला खाच पडते. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ करून हलक्या हाताने वापरली तर तिला माझी हरकत नाही.

८. ब्लीचिंग म्हणजे काय? त्याने दात कमजोर होतात का? किती टिकतं?

हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल दातावर लावतात. त्यातला ऑक्सिजन आवरणातून आत जातो आणि रंगाचे मोठे कण तोडतो. दाताला कापत किंवा घासत नाहीत. दवाखान्यात तीव्र जेल हिरडी झाकून तास-दीड तास लावतात. घरी करायच्या पद्धतीत तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवून देतात आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड रोज काही तास किंवा रात्रभर, दोन-तीन आठवडे वापरायचं असतं. मला घरची पद्धत जास्त पसंत आहे. रंग सावकाश उतरतो, दात कमी आंबतात आणि दात फार आंबले तर एक दिवस थांबता येतं.

दात आंबणं हा नेहमीचा त्रास आहे, सहसा काही दिवसांत जातो. उजळपणा एक ते तीन वर्षं टिकतो, चहा-तंबाखूवर अवलंबून. पहिले दोन दिवस चहा, हळदीची भाजी आणि येसराची आमटी टाळा. दही-भात, ज्वारीची भाकरी, दूध चालतं.

दोन गोष्टी लोकांना नंतर कळतात आणि वाईट वाटतं. एक, आधी बसवलेलं कंपोझिट, कॅप किंवा व्हिनियर ब्लीचिंगने पांढरं होत नाही. दोन, ब्लीचिंगनंतर लगेच कंपोझिट भरलं तर ते नीट चिकटत नाही, कारण दातात उरलेला ऑक्सिजन आड येतो, आणि रंगही दोन आठवडे बदलत असतो. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या घाईखातर मी चौथ्याच दिवशी भरलं होतं. महिन्याभरात ते निघालं आणि रंगही जुळेना. आता कुणी कितीही घाई केली तरी दोन आठवडे थांबते.

गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना ब्लीचिंग करू नये. किडलेले दात आणि उघड्या पडलेल्या मुळांचे दात आधी दुरुस्त करून घ्या.

९. फ्लोरोसिसचे डाग ब्लीचिंगने जातील का?

नुसत्या ब्लीचिंगने क्वचित. पहिल्या काही दिवसांत पांढरे पट्टे आणखी पांढरे दिसतात आणि लोक घाबरतात. इथे पायऱ्या चढत जायचं असतं, आणि प्रत्येक पायरीवर थांबून बघायचं असतं.

तपकिरी रंग आवरणाच्या वरच्या थरात असेल तर मायक्रोअब्रेजन करतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरबरीत पूड यांची पेस्ट रबरी कपाने दातावर फिरवतात. सगळं मिळून आवरणाचा ०.१ ते ०.२ मिलिमीटर थर जातो. दोन मिनिटांपूर्वी चहाच्या रंगाचा असलेला पट्टा कापसाबरोबर उतरून येतो, तेव्हा समोरचं पोरगं आरसा सोडत नाही. त्यानंतर ब्लीचिंग केलं तर उरलेला पिवळेपणा जातो. पांढरे खडूसारखे ठिपके राहिले तर त्यात पातळ रेझिन (प्रकाशाने कडक होणारं द्रव्य) जिरवता येतं. ते आत भरलं की ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळतो. २००९ च्या सुमारास ही पद्धत आली आणि यात ड्रिल लागत नाही. खड्डे असतील तर कंपोझिट भरावं लागतं. आवरण जागोजाग निघालेलं असेल, रंग गडद असेल, तरच व्हिनियर (प्रश्न १२).

सौम्य फ्लोरोसिसच्या दाताला कीड कमी लागते. पट्टे दिसले म्हणून दात कच्चे आहेत असं समजू नका.

१०. पुढच्या दाताचा टवका उडालाय. तुकडा सापडलाय. चिकटवता येईल?

येतो, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात चांगला उपाय ठरतो, कारण रंग आणि आकार तुमचाच असतो. तुकडा दुधात किंवा पाण्यात ओला ठेवून आणा. वाळला तर तो पांढराफट पडतो. तुटलेल्या जागी मध्यभागी लाल ठिपका दिसत असेल किंवा रक्त येत असेल, तर नस उघडी पडली आहे. त्याच दिवशी या. मुलांची नस अशा वेळी वाचवता येते, पण तास महत्त्वाचे असतात.

तुकडा हरवला असेल तर आधी ओठ तपासून घ्या. ओठ फाटला असेल तर तो आत रुतलेला असू शकतो. नाहीच मिळाला तर कंपोझिटने कोपरा घडवता येतो.

११. दात मुळासकट बाहेर पडला तर?

फोन करत बसू नका. दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दहा सेकंद पाण्याखाली धरा, घासू नका. पक्का दात असेल तर जागेवर बसवा, रुमाल चावायला द्या आणि दवाखाना गाठा. बसवता आला नाही तर गार दुधात टाका. पहिल्या अर्ध्या तासात बसला तर आशा चांगली. कागदात किंवा कापसात गुंडाळून आणलेला कोरडा दात मी फार वेळा पाहिला आहे. दुधाचा पेला प्रत्येक घरात असतो, म्हणून हे शाळेत मास्तरांनाही सांगून ठेवा. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

१२. कंपोझिट आणि व्हिनियर यात फरक काय? कोणतं घ्यावं?

कंपोझिट म्हणजे ज्याला लोक दाताच्या रंगाचं सिमेंट म्हणतात. आवरणाला फॉस्फोरिक आम्लाने काही सेकंद खरबरीत करायचं, बाँड लावायचा, मऊ रेझिन थराथराने घडवायचं आणि निळ्या प्रकाशाने कडक करायचं. आवरणाला असं चिकटवता येतं, हे १९५५ साली दाखवलं गेलं आणि पुढचं सगळं सौंदर्याचं दंतकाम त्यावर उभं राहिलं. काम एका बैठकीत होतं, दात जवळपास कापावा लागत नाही, तुटलं तर तेवढंच दुरुस्त होतं. साधारण पाच-सात वर्षं टिकतं. मध्ये एक-दोनदा पॉलिश लागतं, कारण हळद आणि चहा त्याला धरतो.

व्हिनियर म्हणजे सिरॅमिकचा पातळ पापुद्रा, ०.३ ते ०.७ मिलिमीटरचा. माप लॅबला जातं, तिथे बनतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत चिकटवतात. डाग धरत नाही, चमक टिकते, नीट केलेलं दहा-पंधरा वर्षं सहज चालतं. पण त्यासाठी आवरण थोडं तासावं लागतं. एकदा तासलं की त्या दाताला आयुष्यभर काहीतरी लावूनच ठेवावं लागतं. तुटलं तर सहसा पूर्ण नवं बनवावं लागतं, आणि खर्च कंपोझिटच्या कितीतरी पट.

माझा कल स्पष्ट आहे. तिशीच्या आत, टवका, फट किंवा एखादा डाग असेल तर कंपोझिट. गडद फ्लोरोसिस किंवा लहानपणी टेट्रासायक्लिन (एक अँटिबायोटिक) दिल्यामुळे पडलेले राखाडी पट्टे, सहा-आठ दातांवर, आणि वय पक्कं झालेलं, तर व्हिनियरचा विचार. रात्री दात खाण्याची सवय असेल तर आधी तिचा बंदोबस्त. नाहीतर दोन्ही तुटतात. दोन दातांमधली फट भाग्याची मानून ठेवायची असेल तर ती खुशाल ठेवा. ती काही आजार नाही.

१३. सरळ कॅपच बसवून टाका ना मॅडम, एकदाचं काम होईल.

हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा ऐकते आणि दर वेळी माझा जीव तुटतो. कॅपसाठी दात चारही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर आणि टोकाला दोन मिलिमीटरपर्यंत कापतात. पुढच्या दाताचं आवरण हिरडीजवळ जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. म्हणजे ते सगळं जातं आणि मध्ये खुंटासारखा डेंटिन उरतो. तरुण वयात नस मोठी असते. कापताना ती दुखावते आणि पुढे रूट कॅनल मागे लागतं. काही ठिकाणी तर आधीच, गरज नसताना, सहा दातांची रूट कॅनल करून मोकळे होतात.

एकवीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. लग्नाआधी सौम्य पांढऱ्या पट्ट्यांसाठी तिच्या वरच्या सहा दातांना एका मोठ्या शहरात कॅप बसवलेल्या. दोन मुळांना पू झाला होता. कॅप काढल्यावर आत जे दिसलं ते मी तिला आरशात दाखवलं नाही. जुने फोटो तिच्या आईच्या मोबाइलमध्ये होते. त्या पट्ट्यांना मायक्रोअब्रेजनच्या दोन बैठका पुरल्या असत्या.

कॅप लागते कधी? दात निम्म्याहून जास्त तुटलेला किंवा किडलेला असेल, रूट कॅनलनंतर भिंती पातळ उरल्या असतील, जुनी कॅप बदलायची असेल. तेव्हा जरूर घाला. नुसत्या रंगासाठी कुणी कॅप सुचवली तर विचारा, "कापल्याशिवाय काही करता येणार नाही का?" उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दंतवैद्याला दाखवा. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

१४. जुन्या कॅपच्या वर हिरडीजवळ काळी रेघ दिसते. कीड आहे का?

आत धातू आणि वर सिरॅमिक अशी कॅप असेल तर हिरडी मागे सरकल्यावर धातूची कड दिसते. ती कीड नसते. दिसायला खटकत असेल तर झिर्कोनिया या पांढऱ्या, मजबूत पदार्थाची किंवा पूर्ण सिरॅमिकची कॅप बसवता येते. रेघेजवळ मऊ लागत असेल किंवा वास येत असेल तर मात्र कीडही असू शकते.

१५. लग्न पंधरा दिवसांवर आलंय. काय होऊ शकेल?

सफाई, पॉलिश, टवक्याला कंपोझिट, तपकिरी डागांना मायक्रोअब्रेजन: एवढं आरामात होतं. ब्लीचिंग आणि त्यावर कंपोझिट दोन्ही हवं असेल तर दीड महिना धरा (कारण प्रश्न ८ मध्ये). व्हिनियरला लॅबचा वेळ लागतो आणि बसवून बघायला एक भेट जास्तीची हवी. हळदीच्या आदल्या दिवशी फिक्स केलेलं काम मला आवडत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दसऱ्याच्या आधी या. दोन-तीन भेटींचं काम अर्धवट ठेवून फडावर गेलात तर तात्पुरतं भरलेलं सिमेंट चैत्रापर्यंत टिकत नाही आणि आतला दात खराब होतो.

१६. मुलगा बारा वर्षांचा आहे, शाळेत चिडवतात. व्हिनियर करू का?

इतक्यात नको. दात अजून पूर्ण बाहेर आलेला नसतो, हिरडी पुढे वर सरकते आणि नस मोठी असते. अठराच्या आधी तासण्याचं काम टाळते. पण चिडवणं सहन कर असंही सांगत नाही. मायक्रोअब्रेजन, रेझिन जिरवणं आणि कंपोझिट या वयात करता येतं, आणि तेवढ्याने पोरगं तोंडावर हात न धरता हसायला लागतं.

लहान बाळाचे दात लोहाच्या औषधाने काळे पडले असतील तर घाबरू नका, तो वरचा डाग आहे आणि सफाईत निघतो. औषध बंद करू नका.

१७. सगळेच दात पिवळे, आवरणाचे पोपडे निघतात. माझ्या भावाचंही तसंच आहे, गावात बाकी कुणाचं नाही.

हे पाण्याचं लक्षण नाही. आवरण तयार होण्यातला जन्मजात दोष असू शकतो, तो घराण्यात चालतो. दुधाचे दातही तसेच होते का, आई-वडिलांकडे कुणाला आहे का, ते विचारून या. कॅपसाठी मी सहसा नाही म्हणते, पण इथे कमी वयातही दाढांना कॅप लागू शकतात, नाहीतर दात झिजून हिरडीला टेकतात. हे काम दंत महाविद्यालयात करून घेणं बरं, तिथे सगळे विभाग एका छताखाली असतात.

१८. दात केल्यावर ऊस, हुरडा, भाकरी खाता येईल का?

भाकरी, हुरडा, भाजी सगळं चालतं. ऊस पुढच्या दाताने सोलायचा नाही. विळ्याने गंडेऱ्या करा आणि दाढेखाली चघळा. सुपारी फोडणं, दाताने दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं बंद. कडक चिक्कीचा तुकडा हाताने मोडून खा. हे नियम नैसर्गिक दातालाही लागू आहेत, मी माझ्या मुलालाही ऊस तोंडाने सोलू देत नाही.

१९. खर्च किती येतो? स्वस्तात कुठे होईल?

चढत्या क्रमाने: सफाई आणि पॉलिश, मायक्रोअब्रेजन, कंपोझिट, ब्लीचिंग, मग बऱ्याच अंतराने कॅप आणि व्हिनियर. या शेवटच्या दोन्हींत लॅबचा खर्च मिसळलेला असतो. आकडा गावागणिक बदलतो, म्हणून काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या: किती दात, कोणतं मटेरियल, किती भेटी, तुटलं तर दुरुस्तीचे पैसे वेगळे का.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. लातूर आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे दर कमी असतात आणि काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली होतं. वेळ जास्त द्यावा लागतो, एवढं धरून चला.

२०. आठवडी बाजारात एक जण तासाभरात पक्का दात बसवून देतो. पार्लरमध्येही दात पांढरे करतात. चालेल का?

नको. बाजारात बसणारे लोक नवा दात शेजारच्या दातांना तारेने किंवा अॅक्रिलिक (एक प्लास्टिक) ओतून पक्का करतात. त्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं आणि दोन वर्षांत शेजारचे चांगले दातही काढावे लागतात. असा जोडलेला दात मी कापून काढते तेव्हा खोलीत वास भरतो. दंतोपचार करण्यासाठी कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएस ही दंतवैद्यकाची पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पार्लरमध्ये लावलेली तीव्र जेल हिरडी जाळू शकते, आणि तिथे कुणी कीड तपासत नाही.

२१. काम झालं, पण नवा दात शेजारच्यापेक्षा वेगळाच दिसतो. चूक कुणाची?

बहुतेक वेळा रंग चुकीच्या वेळी ठरवलेला असतो. दात कापूस लावून दहा मिनिटं उघडा राहिला की कोरडा पडतो आणि खडूसारखा पांढरा दिसतो. त्या रंगाला जुळवलं तर दुसऱ्या दिवशी, दात ओला झाल्यावर, फरक उघडा पडतो. म्हणून मी काहीही सुरू करण्याआधी खुर्चीवरचा दिवा बंद करते, पेशंटला खिडकीपाशी उभं करते, लिपस्टिक पुसायला सांगते आणि कंपोझिटचा ज्वारीएवढा कच्चा गोळा दातावर कडक करून बघते. तरुण दाताच्या कडेला निळसर झाक असते, हिरडीजवळ रंग जरा उबदार असतो. एकाच रंगाने पूर्ण दात भरला तर तो बटणासारखा दिसतो.

कंपोझिटचा रंग चुकला असेल तर वरचा थर काढून बदलता येतो, संकोच न करता परत जा. व्हिनियर किंवा कॅप असेल तर पक्कं चिकटवण्याआधी ते तात्पुरतं बसवून दाखवायला सांगा. दवाखान्याच्या दाराबाहेर उजेडात या, आरसा हातभर लांब धरा, हसून बघा, "फ" आणि "व" म्हणून बघा. सोबत आलेल्या माणसालाही विचारा. पटलं तर आत जाऊन फिक्स करून घ्या. नसेल पटत तर ते परत लॅबला पाठवायला सांगा.